माझ्या नावावरचा तुझा रिपोर्ट

जीजी,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी मोजून पाच बोललो. "जीजी होती म्हणून मी आहे." आणि खाली बसलो. हुंदका दाटला असेल असं समजून कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला, महूच्या आत्यानं पाठीवरून हात फिरवला. हुंदका वगैरे काही नव्हता गं. सहावा शब्द निघाला तर त्याच्यामागून बाकीचं सगळं बाहेर येईल, याची मला भीती वाटली. दहाच मिनिटांपूर्वी भन्तेजींच्या मागून सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं होतं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं मोठ्यानं म्हटलं होतं. माझा आवाज सगळ्यांत वरचा होता.

म्हणून आता लिहितो आहे. तू वाचणार नाहीस. आपल्या घरात आत्मा मानत नाहीत, त्यामुळे तू कुठून तरी ऐकत असशील ही सोयसुद्धा मला नाही. शेजारच्या दुबेजींना ती आहे. ते मला समजवायला आले तेव्हा म्हणाले, "दीदी ऊपर से सब देख रही हैं." मी मान हलवली. मनात म्हटलं, नको बघायला.

सुरुवातीपासून सांगतो, कारण तुझ्यामाझ्यात ही गोष्ट कधी सुरुवातीपासून सांगितलीच गेली नाही.

मी चोवीस वर्षांचा असताना माझं आतडं बिघडलं. पोटात मुरडा, रक्त, वजन उतरलेलं, आणि कुठल्याही डॉक्टरला काही समजेना. क्रोन्स हे नाव सापडायला दोन वर्षं गेली, आणि ते सापडलं तुझ्यामुळं. तू इंदूरला पलासियाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचीस. कुठल्या डॉक्टरकडे कुठल्या पेशंटचा आजार धरला जातो हे तुला तिथं बसल्याबसल्या कळायचं. तू मला हाताला धरून नेलंस आणि परत येताना आजोबांच्या पलटणीच्या भाषेत समजावलंस, "तुझ्या पोटातले संतरी पगलावले आहेत विजू. दुश्मन नाही काही नाही, आपल्याच लोकांवर गोळ्या चालवून राहिलेत." तेहतीस वर्षांत एवढं सोपं करून मला कोणीच सांगितलं नाही.

मग तू माझा आजार चालवायला घेतलास. चालवायला हाच शब्द बरोबर आहे, तू तो एखाद्या ऑफिससारखा चालवलास. माझी नोकरी बेटम्याला, रोजची बस, आणि माझ्या पोटाचा भरवसा नाही. तू एका रविवारी माझ्याबरोबर बसलीस आणि धार रोडवर जिथं जिथं बस थांबते तिथं उतरून लोकांना विचारत सुटलीस. पेट्रोल पंपवाला, ढाबेवाला, खत-बियाणांचं दुकान. "भिया, हा माझा भाऊ. याला कधी जरूरत पडली तर बाथरूम वापरू द्याल ना?" मी लाजेनं मेलो होतो. सव्वीस वर्षांचा बाप्या, आणि बहीण भर रस्त्यात त्याच्या संडासाची सोय लावते आहे! मी तुला म्हणालो, "जीजी, आता पेपरात पण देऊन टाक." तू म्हणालीस, "दिलं असतं, पण फोटो खराब आहे तुझा." ते खत-बियाणांचं दुकान पुढं किती वेळा माझी लाज राखून गेलं हे तुला मी सांगितलं होतं का? नसेल. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती, मानले तर तू चिडायचीस.

खाणं तर विचारूच नको. मूगडाळीची पातळ खिचडी, मीठ बेताचं, तिखट नाही, फोडणी नाही. तुझं लग्न होऊन तू अन्नपूर्णा भागात गेलीस, आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो, तरी डबा तुझ्याकडून. इंदूरसारख्या गावात राहून, सकाळी पोहे-जलेबीच्या वासातून चालत जाऊन तू ती खिचडी मला खायला लावलीस, आणि मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही तीच खाल्लीस. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मीही म्हणायचो. तुला तीच पचत होती, बाकी काही पचत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

आईचं एक वाक्य होतं, "एका घराला एक बीमार पुरे." वाईट मनानं नाही म्हणायची. मी दवाखान्यात होतो, बाबा नुकतेच गेलेले, आणि तू एक दिवस जेवली नाहीस, पोट दुखतं म्हणालीस. तेव्हा ती थकून बोलली. तू ते वाक्य इतकं मनाला लावून घेशील असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. त्यानंतर तुझं पोट कधी दुखलं नाही. म्हणजे आम्हाला कोणाला कळेल असं दुखलं नाही.

मग तो रिपोर्ट आला. मी सदतिसाव्या वर्षात होतो. माझी फाइल जीजाजी सांभाळायचे; तारखेप्रमाणे लावलेले कागद, प्रत्येकाला भोक, दोरा. तुझ्या पर्समधून एक रिपोर्ट डोकावताना दिसला, वर माझं नाव, म्हणून त्यांनी तो सरळ फाइलला लावून टाकला. शौचाची तपासणी. आतड्याला किती सूज आहे ते तिच्यात कळतं. दुसऱ्या आठवड्यात आपण डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कागद उलटले, थांबले, चष्मा वर केला. "अरे, ये तो बहुत बढ़ा हुआ है. अब गोलियों से नहीं चलेगा. ड्रिप वाली दवा शुरू करते हैं."

जीजी, त्या महिन्यात मी नमुना दिलाच नव्हता.

मला एक क्षण काही कळेना. मग कळलं. लॅबमध्ये विजयच्या नावाचा डबा आला तर कोणी मान वर करून बघत नसे, इतकी त्या नावाची सवय झालेली. तुझ्या नावाचा आला असता तर चार जणींनी विचारलं असतं. म्हणून तू स्वतःचा नमुना माझ्या नावावर टाकलास, रिपोर्ट पर्समध्ये घातलास, बघून फाडून टाकणार होतीस. जीजाजींच्या टापटिपीनं घात केला. मी तुझ्याकडं बघितलं. तू फरशीकडं बघत होतीस.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. "डॉक्टरसाहेब, हा माझा नाही." एवढंच. मूग गिळून बसलो. तुझं गुपित राखायला बसलो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. ते ड्रिपचं औषध मला हवं होतं. दीड वर्ष डॉक्टर ते पुढं ढकलत होते, अजून थांबू म्हणत होते, आणि मला आता एकही दिवस थांबायचं नव्हतं. तुझ्या आतड्याची सूज दाखवून मी माझं औषध मिळवलं. तूही बोलली नाहीस. बोलायचं तर स्वतःचं सांगावं लागलं असतं, आणि शिवाय तुला वाटलं असणार, चला, विजूचं तर काम झालं.

खरंच झालं. दोन-तीन ड्रिपमध्ये मी माणसांत आलो. वजन चढलं, लग्न केलं, पोहे खाल्ले. तू टाळ्या वाजवल्यास. त्याच काळात तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, आणि तुझ्या घरी बाथरूमचा नळ अर्धा अर्धा तास वाहायला लागला. मी बाहेर बसून चहा प्यायचो आणि नळ ऐकायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज विचारतो. मग तू पदराला हात पुसत बाहेर यायचीस, "क्या बे, बिस्किट नाही घेतलं?" आणि मी बिस्किट घ्यायचो.

तुझा हात हलायला लागला तो लॅबमध्येच. ज्या बाईला तान्ह्या बाळाची नस एका टोचणीत सापडायची, तिची सुई तीनदा चुकली. तू सुई दुसरीच्या हातात दिलीस, हात धुतलेस आणि घरी आलीस. परत गेली नाहीस. निरोपसमारंभाला बोलावलं तेव्हाही गेली नाहीस. लोक म्हणाले, मानी आहे. मला वाटतं तुला हार घेताना हात दाखवायचे नव्हते.

पार्किन्सन म्हणून सांगितलं त्या दिवशी मी बरोबर होतो. मेंदूचे ते तरुण डॉक्टर विचारत विचारत पोटावर आले. "घर में किसी को आँतों की बीमारी?" तू माझ्याकडं बोट केलंस. "इसको. क्रोन्स." त्यांचे डोळे चमकले. "और आपको? कभी ब्लीडिंग, लंबे समय की तकलीफ़?"

"नहीं," तू म्हणालीस. किती स्वच्छ म्हणालीस!

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एक जीन असतो. आतड्यातले संतरी किती भडकावेत हे काही अंशी त्याच्या हातात असतं. त्याच्यात एक विशिष्ट बदल असला की क्रोन्सची शक्यता वाढते, आणि गंमत म्हणजे, हो, ते गंमतच म्हणाले, त्याच बदलानं पार्किन्सनचीही वाढते. पोटातली वर्षानुवर्षांची सूज नसांवाटे मेंदूपर्यंत पोचत असावी असाही एक विचार आहे. सगळ्यांत नाही. पक्कं नाही. जीन असला म्हणजे आजार होतोच असं नाही. पण ज्यांची सूज औषधानं दाबलेली राहते, त्यांच्यात हा कंप कमी दिसतो असं काही जणांना वाटतं. हे सांगताना ते माझ्या हातांकडं बघत होते. माझे हात मांडीवर होते, एकदम स्थिर.

मग म्हणाले, मुलासाठी, आपल्या नितीनसाठी म्हणून तुम्ही रक्त देऊन ठेवा, जीनची तपासणी करू. तू म्हणालीस, "सोच के बताते हैं," आणि उठलीस.

रिक्षात आपलं भांडण झालं. तुला आठवत असेल तर, नाही, आठवायला कोणी नाही, मलाच आठवतं. मी म्हणालो, "रक्त द्यायला काय जातं तुझं? मुलाचा विचार कर."

"विचार करूनच नाही म्हणून राहिली. जिसका इलाज नहीं, उसका टेस्ट नहीं. तीस साल लॅबमध्ये हेच शिकली मी."

"पण पोटाचा इलाज आहे ना!"

"पोट तुझं आहे," तू म्हणालीस. "माझा हात आहे. दोन्ही घालमेल नको करू."

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की जीजी, मला माहीत आहे. तो रिपोर्ट तुझा होता. रिक्षावाला सिग्नलला थांबला होता, गोंगाट होता, पण तुला ऐकू गेलं असतं. मी म्हणालो, "तू हट्टी आहेस." तू म्हणालीस, "आणि तू बावळट." घर आलं. अकरा वर्षं ते भांडण आपण अधूनमधून उकरून काढायचो, प्रत्येक वेळी वेगळ्या निमित्तानं, आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी येऊन गप्प व्हायचो. तुला कळलं होतं का, की मला कळलं आहे? मी अजून ठरवू शकत नाही.

शेवटच्या वर्षात तुला भरवायचं काम माझ्याकडं होतं. जीजाजींचा चमचा घाईचा. मी पातळ खिचडी भरवायचो, एकेक चमचा, गिळलंस का, तोंड उघड, दाखव. तू तेव्हा फार कमी बोलायचीस, चेहरा हलायचा नाही, त्यामुळं तू हसतेस की नाही हेसुद्धा डोळ्यांवरून ओळखावं लागायचं. एक दिवस माझ्या हाताकडं बघत राहिलीस. मग तुटक तुटक म्हणालीस, "बघ, सांडत नाही तुझं. अच्छं झालं. एकाचं तरी." मी मान खाली घालून वाटी खरवडली. वाटीत काही नव्हतं.

तुझ्यावर माझा रागही आहे. लिहून टाकतो. तू मला भावाच्या जागी ठेवलंच नाहीस, पेशंटच्या ठेवलंस, आणि पेशंटला कोणी आपलं दुखणं सांगत नाही. एकदा, फक्त एकदा, "विजू, मला पण होतंय रे" म्हणाली असतीस तर मी तुला हाताला धरून नेलं असतं. नेलं असतं ना? असं म्हणतो खरा. त्या डॉक्टरच्या खोलीत तू माझ्या शेजारीच बसली होतीस, हात लांब केला तर लागशील एवढी जवळ, तेव्हा मी नेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना नितीन माझ्याजवळ आला. एकतीस वर्षांचा झाला आहे, तुझ्यासारखा उंच, आणि त्या दिवशी पांढऱ्या शर्टात मला एकदम फार बारीक दिसला. "मामा, एक बात विचारू? मम्मीला पोटाचं काही होतं का?"

"का रे?"

"असंच."

मी दोन खुर्च्या परत उघडल्या. त्याला बसवलं. "किती दिवस झाले तुला?"

त्यानं आधी नाही म्हटलं. मग म्हणाला, "दो साल. कधी कधी रक्त पण जातं. घरी माहीत नाही कोणाला. मम्मीचं चालू होतं ना मामा, त्यात माझं काय सांगू."

आईचं वाक्य त्यानं कधी ऐकलेलं नाही, जीजी. तो जन्मायच्या आधीचं ते. तू त्याला कधी सांगितलं नसणार, माझी खात्री आहे. तरी त्याला ते येतं.

काल त्याला घेऊन पलासियाला गेलो. पोटाचे डॉक्टर नवीन आहेत, समोर कॉम्प्युटर, विचारतात आणि टाइप करतात. "फॅमिली में किसी को?" नितीननं माझ्याकडं बोट केलं. "मामाजी को." "माँ-बाप?" "मम्मी को पार्किन्सन था, अभी..."

मी म्हणालो, "पेट की भी थी. बीस साल से थी. मुझे मालूम था."

नितीननं वळून माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी बघितलं नाही. "कोई रिपोर्ट?"

"है. पर उस पर नाम मेरा है." मी फाइल उघडली, तो कागद काढून समोर ठेवला. भोक, दोरा, सगळं तसंच. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "ये तो आपका हुआ ना." मी समजावायला लागलो. ते ऐकत होते, पण बोटं थांबली होती. शेवटी त्यांनी एक ओळ टाइप केली, मामाजी असं सांगतात अशी काहीतरी, आणि पुढचा प्रश्न विचारला. "सिगरेट, तंबाकू?" वीस वर्षं जे बोलायला मला जमलं नाही ते बोलून व्हायला एक मिनिटही लागलं नाही, आणि त्यानं कुठं काही हललं नाही.

निघताना म्हणाले, जीनची तपासणी करून घेऊ, आईचा नमुना असता तर ताडून बघता आलं असतं. अर्ध्या इंदूरचं रक्त जिनं काढलं, तिच्या रक्ताचा एक थेंब आता कुठं नाही. नितीननं तपासणीचा कागद चार घड्या करून खिशात घातला. तो ती करेल असं मला वाटत नाही. तुझाच मुलगा आहे.

जिना उतरलो. खाली गाड्यांची ही गर्दी. तो गाडीजवळ जाऊन थांबला, चावी हातात, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मामा, तुम्ही तेव्हाच बोलले असते, तर मम्मीला हे नसतं झालं?"

उत्तरं पुष्कळ होती. कोणालाच ठाऊक नाही. जीन होता की नाही तेही ठाऊक नाही. इलाज झाला असता तरी हात हललाच असता कदाचित. डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं, आणि ते खरंही आहे. पण त्यानं डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं.

मी म्हणालो, "हो. नसतं झालं."